मातालेनाच्या लेकाचं निळं पिंप

आमच्या बेटावरच्या वाईउली गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे लपवायची सोय नाही. घरांना भिंतीच नाहीत. खांब, वर छप्पर, खाली चटया. मागच्या अंगाला स्वैपाकाची झोपडी आणि तिच्याही मागं संडास. वारा समुद्राकडून सुटला की अख्ख्या गावाचा स्वैपाक डोंगराच्या दिशेनं चालायला लागतो. तरीपण कुणाचं तेल खवट झालंय, कुणी परवाची मासळी आज पुन्हा गरम केलीय, कुणाच्या पाण्याच्या टाकीत पाल मेलीय, हे ओळखणारं नाक गावात एकच होतं. मातालेनाचं.

नाक दिसायला काही खास नव्हतं. चपटं, रुंद, आमच्या सगळ्यांचं असतं तसंच. पण त्यात वास शिरला की तिचा वरचा ओठ थरथरायला लागायचा, मग भुवया चढायच्या, आणि मग ती बोलायची. ओठ हलला की घरधनीण हातातलं टाकून उभी राहायची. पुढचं ऐकायच्या आधीच तिला कळलेलं असायचं की आपलं काहीतरी कुजलंय.

बाई अंगानं आडवी, पायानं फेंगडी, आणि हातांनी अशी जोरकस की मुरगळलेला पाय तिनं धरला की माणूस आधी शिव्या द्यायचा आणि मग चालत घरी जायचा. तेल चोळणं हा तिचा धंदा. तेल तिचं तीच करायची. नारळ खवून लाकडी काथवटीत उन्हाला ठेवायचा, तेल सुटत आलं की सालीच्या झुपक्यानं पिळून काढायचं, आणि वरून मोसोओईची पिवळी फुलं टाकून मुरवायचं. बाळंतिणीच्या कंबरेला तेच, लेकरांच्या टाळूला तेच, नाचायला उभ्या राहणाऱ्या पोरींच्या खांद्यांना तेच. माणूस मेला की त्याला शेवटचं चोळायलाही मातालेनालाच बोलवायचे. "जल्मताना माजा हात, मरताना माजाच," असं ती म्हणायची, आणि त्यात तिला काही मोठं सांगितल्यासारखं वाटायचं नाही. आंघोळ घातली म्हणावं इतक्या सहज सांगायची.

आमच्यात बायकांची समिती असते. महिन्यातून एकदा शिट्टी वाजते आणि समितीच्या बाया एकसारखे जांभळे कपडे घालून घरोघर पाहणीला निघतात. प्रत्येक घरानं चटया, मच्छरदाण्या, कपबशा, पातेली बाहेर मांडून ठेवायची. बाया बघतात, मोजतात, नाकं मुरडतात, दंड लावतात, आणि शेवटच्या घरी बसून खातात. चटया बघायला सगळ्यांना आवडतं. मागं जाऊन स्वैपाकाची झोपडी आणि संडास बघायचं काम कुणालाच नको असायचं. ते मातालेनानं आपण होऊन घेतलं होतं.

"घान कुनी बघावी?" ती म्हणायची. "जिला घान वाटती तिनं. जिला वाटतच न्हाई तिला धाडून काय उपेग?"

आणि तिला वाटायची. पाहणीच्या दिवशी ती जेवायची नाही, जेवण जायचंच नाही. कुणाच्या कढईच्या बुडाशी चिकटलेला जुना थर ती नखानं खरवडून वास घ्यायची आणि नख झाडावर पुसायची. कुणी मटणाच्या पोटाकडच्या तुकड्यांची चरबी डब्यात थिजवून ठेवलेली असायची, वर मुंग्यांची रांग थिजलेली. एका घरी तर तिनं तेलाच्या डब्यातून झुरळ शेपटाला... नव्हे, मिशीला धरून वर काढलं आणि घरधनिणीला म्हणाली, "हे तळलेलं हाय का कच्चं?"

अशा बाईच्या पोटी सेमिसी आला, ही देवाची करणी.

सेमिसी मालाचा ट्रक चालवायचा. बोट लागते त्या सालेलोलोंगाच्या धक्क्यावरून दुकानांचा माल गावोगाव पोचवायचा. वाटेत एका हॉटेलाचा स्वैपाकी त्याच्या ओळखीचा झाला. हॉटेलात कोंबड्या, मासे, बटाटे तळून तळून जे तेल काळं पडायचं ते हा स्वैपाकी फेकायचा. सेमिसी म्हणाला, फेकतोस कशाला, मला दे. तसं एक निळं पिंप सेमिसीच्या घरी आलं. रस्त्याच्या अलीकडं मातालेनाचं घर, पलीकडं सेमिसीचं. पिंप आलं त्या दिवशी ती अलीकडून उठली, रस्ता ओलांडला, पिंपाचं झाकण काढलं आणि झाकण हातात धरून तशीच उभी राहिली.

तेलावर साय धरली होती. सायीखाली कोंबडीच्या कातडीचे तुकडे, जळालेल्या पिठाचा चुरा, एक माशाचा पर. रंग ट्रकच्या इंजिनातून काढतात त्या तेलाचा. वास म्हणाल तर भिजलेलं कुत्रं चुलीजवळ वाळत बसल्यावर येतो तसा, आणि त्याच्याखाली जळक्या केसांचा.

"ह्ये काय हाय?" तिनं विचारलं.

"तेल," सेमिसी म्हणाला.

"ह्ये तेल न्हवं. तेलाचं मढं हाय."

"गाळून घेतलं की झालं, आये. इयानेता गाळती की."

इयानेता म्हणजे सेमिसीची बायको. शाळेच्या फाटकाशी फणसाच्या झाडाखाली ती पानिकेके तळायची. पानिकेके म्हणजे मैद्याचे गोड गोळे, मुठीएवढे. वाईउलीत सकाळी ज्याच्या हातात पानिकेके नाही तो माणूस आजारी असावा असं समजायचं. जुन्या कापडातून ते तेल गाळून ती कढईत ओतायची. कढईवर पिवळा फेस चढायचा, धूर डोळ्यांत जायचा, आणि गोळे वर येऊन गरगर फिरायचे. ज्या कागदात बांधून द्यायची तो कागद आरपार दिसायला लागायचा. पोरं गोळा खाऊन झाल्यावर कागद चाटायची. तळहात शाळेच्या भिंतीला पुसायची. त्या भिंतीवर पोरांच्या उंचीएवढा एक तेलकट पट्टा कायमचा उठला होता, त्यावर माश्या बसायच्या आणि त्यांनाही तिथून उडायला कष्ट पडायचे.

पोरांचं एक वेळ सोडा. सेमिसी स्वतः ट्रकवर चढताना एक पुडकं मांडीवर ठेवायचा, ते धक्का येईपर्यंत संपायचं. परत येताना हॉटेलात तळलेली कोंबडी. रात्री इयानेतानं उरलेल्या तेलात परतलेलं डबाबंद मांस. चर्चच्या पायऱ्या चढताना तो मधेच थांबायचा आणि समुद्राकडं बघायचा, जसं काही तिथं बघण्यासारखं आहे. मातालेनाला ते थांबणं माहीत होतं. तिचा नवरा फिलिमोने असाच थांबून समुद्राकडं बघायचा. पुढं एकदा थांबला तो छातीला हात लावून खालीच बसला, आणि उठला नाही. त्या वेळी त्याचे केसही पिकले नव्हते. त्याला चोळायलाही मातालेनाच बसली होती. लेकाच्या बाबतीत तिला एवढंच हवं होतं की ते पिंप त्याच्या घरातून जावं आणि त्याची पाळी आपल्या हातावर येऊ नये.

तालुक्याच्या दवाखान्यातली परिचारिका आमच्या समितीत येऊन बसायची. तिनं सेमिसीच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, आणि तोंड असं केलं की इयानेता घाबरून उठली. मग तिनं सगळ्या बायांना तेलावर सांगितलं. एकदा काळं पडलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते खाण्यालायक राहत नाही. चरबीचे डबे भरून ठेवणं बंद करा. पातळ तेल घ्या, ताजं घ्या, थोडं घ्या. मुळात तळायचंच कमी करा.

"मग काय हुमूत भाजून खायाचं निस्तं?" समितीची मुखत्यारीण सालोमे म्हणाली. हुमू नव्हे, उमू. तापल्या दगडांची भट्टी. पण सालोमेच्या तोंडात पानिकेके होता.

"पूर्वी तेच खात होता ना?" परिचारिका म्हणाली.

"पूर्वी आमी मानसं बी खात हुतो म्हनं," मागून एक म्हातारी बोलली, आणि सगळ्या हसल्या. आम्ही कधी खाल्ली नाहीत, ते शेजारच्या बेटांवरचे, पण हसायला काय जातं.

हसणं संपल्यावर मातालेना ताठ होऊन बसली आणि म्हणाली की पुढच्या पाहणीला तेल बघायचं. ज्याच्या घरी काळं तेल सापडेल त्याला दंड. आणि तो विकत असेल तर त्याची विक्री बंद. सालोमेनं हातातला उरलेला अर्धा गोळा बघितला, मग परिचारिकेकडं बघितलं, आणि बरं म्हणाली. सगळ्यांना माहीत होतं की गावात विकणारी एकच आहे, आणि ती मातालेनाची सून आहे.

त्या संध्याकाळी मातालेना रस्ता ओलांडून गेली.

"इयानेता, त्ये पिंप काढ."

"काढते, आत्याबाई. पन मग तळू कशात? दुकानातलं तेल आनायचं तर गोळ्यात काय उरनार?"

"माजं तेल घे."

इयानेता बघतच राहिली. मातालेना तेल कुणाला थेंबभर जास्त देत नसे.

"माजं घे म्हनते न्हवं? फुलं न टाकलेलं देते. सोताच्या हातानं पिळलेलं. त्यात ना कोंबडी, ना झुरळ. बाळाच्या टाळूला चालतंय, तर मोठ्याच्या पोटाला न चालाया काय झालं?"

परिचारिकेला विचारावं असं तिला सुचलंच नाही. शुद्ध ते शुद्ध. जे अंगाला चांगलं ते आत गेल्यावर वाईट कसं होईल? सेमिसीनं कुरकुर केली, पण आईनं पिंपाशेजारीच बैठक मारली तेव्हा त्यानं ते ट्रकवर चढवलं आणि म्हणाला, "नेऊन टाकतो." मातालेनानं ट्रक वळणाआड जाईपर्यंत बघितला.

सकाळी कढई घासून चकचकीत झालेली. तेल स्वच्छ, तळ दिसत होता. फेस नाही, धूर नाही. मातालेना स्वतः फणसाखाली बसून होती, हात मांडीवर, जसं काही तिचंच लग्न आहे. गोळे सोनेरी होऊन वर आले. शाळेची पोरं आली. पहिल्या पोरीनं चावा घेतला. चावली, थांबली, आणि तोंडातलं सगळं मातीत थुंकलं.

"काय गं?" इयानेता म्हणाली.

पोरगी रडायलाच लागली. "ह्याला आसोमुआ आज्याचा वास येतोय!"

म्हातारा आसोमुआ आमच्या गावचा मुखिया. काही आठवड्यांपूर्वीच गेला होता. मातालेनानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत चोळलं होतं, आणि मग अख्खं गाव एकेक करून वाकून त्याच्या कपाळाला नाक लावून गेलं होतं. लेकरंसुद्धा. आता दुसऱ्या पोरानं हुंगलं. तिसऱ्यानं हुंगलं. एकानं गोळा दूर धरून झाडाच्या बुंध्याशी ठेवला, हळूच, मेलेल्या माणसाला ठेवावं तसा.

मोठी माणसं आली तीही तशीच. आसोमुआचा भाऊ ताविता काठी टेकत आला, गोळा घेतला, अर्धा खाल्ला आणि उरलेला हातात धरून म्हणाला, "मातालेना, तुजा राग न्हाई. पन माज्या भावाला मी खायाचा न्हाई."

"आरं, नारळाचंच तेल हाय! नारळाचं दूध रोज वरपतोस न्हवं?"

"दूध दूध असतंय. ह्ये शेवटचं तेल हाय."

"मंग त्या हॉटेलातल्या काळ्या घानीत काय व्हतं? त्यात कुनाची मढी तळली तुला ठाव हाय का?"

"न्हाई ठाव," ताविता म्हणाला. "म्हनून तर गिळत हुतं."

मातालेनानं एक गोळा उचलला आणि सगळ्यांच्या देखत तोंडात घातला. दोनदा चावली. आणि तिचा वरचा ओठ थरथरला. साऱ्या गावानं तो बघितला. तिच्या हातांना जे ठाऊक होतं ते जिभेला सांगितलं गेलं होतं. किती गार टाचा, किती ताठ बोटं, फिलिमोनेचं पोट. तिनं तो गोळा गिळला, कारण थुंकणं तिला जमणारं नव्हतं, पण गिळताना डोळ्यांतून पाणी आलं आणि ते दुःखाचं नव्हतं. किळसेचं होतं.

त्यात भर म्हणजे परिचारिकेनं हे ऐकलं तेव्हा तीही म्हणाली, "अंगाला उत्तम आहे मावशी. पण रोजच्या तळणाला नको, त्यात जड चरबी फार. कधीतरी थोडं चालेल. तुमच्या लेकाला तर नाहीच." मातालेनानं मान फिरवली. आपल्या तेलाला कुणी नाही म्हटलेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं, आणि एका आठवड्यात दोनदा ऐकलं.

मग इयानेतानं दुकानातून स्वच्छ तेलाची बाटली आणली आणि झोपडीतल्या फळीवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. सूर्यफुलाचं चित्र असलेली. पानिकेके पुन्हा सुरू झाले. पोरं आली, ताविता आला, सालोमेनं घरी पुडकं मागवलं. "आता बरं लागतंय," सगळे म्हणाले. मातालेना रस्त्याच्या अलीकडून बघत बसायची. वारा उलट दिशेचा होता, समुद्राकडून तिच्या पाठीवर यायचा, त्यामुळं नाकाला काही कळायचं नाही. पण डोळ्याला कळत होतं. कढईवर पुन्हा पिवळा फेस चढत होता. आणि फळीवरची बाटली काही केल्या कमी होत नव्हती.

तिनं सेमिसीला गाठलं. "कंचं तेल वापरताय?"

"बाटलीतलं."

"बाटली भरलेली दिसती."

"संपली की दुसरी आनतो. आये, तुला काय माज्या झोपडीत ऱ्हायाचंय का?"

त्यानं एवढं बोलायला थांबून दोनदा श्वास घेतला. मातालेना घरी आली.

पाहणीचा दिवस आला. आमच्यात नियम असा की पाहणी करणारीनं आपल्या रक्ताच्या घराची पाहणी करायची नाही. भांडणं होतात. त्यामुळं सेमिसीच्या घरी मागं जायचं काम सालोमेच्या जावेकडं गेलं. तिला बारा महिने सर्दी. सेमिसीनं हे सगळं धरूनच बेत केला होता, आणि त्या दिवशीचं शेवटचं घरही त्यानंच मागून घेतलं होतं, म्हणजे समितीला खायला घालायचा मानही त्याचाच. जाऊबाई झोपडीत गेली, बाटली बघितली, नाक ओढलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "लई स्वच्छ हाय." मग संडासाचं दार उघडलं न उघडलं आणि लावलं. "ह्ये बी स्वच्छ."

समिती चटयांवर मांडी घालून बसली. समोर केळीच्या पानांवर पानिकेके, शेजारी कोकोचे कप. इयानेता पंख्यानं माश्या वारत होती आणि कुणाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हती. सेमिसी खांबाशी बसला होता, घामानं शर्ट चिकटलेला, पण तोंडावर हसू. सालोमेनं प्रार्थना म्हटली. पहिला गोळा तिनं तोंडात घातला, मागून सगळ्यांनी.

मातालेनानं आपला गोळा हातात घेतला. तोडला. आतून वाफ आली.

तिचा ओठ थरथरला.

"इयानेता," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्ये कंच्या तेलात तळलं?"

इयानेताचा पंखा थांबला. "आत्याबाई, मी नगं म्हनलं व्हतं त्येस्नी," ती एवढंच बोलली आणि पुन्हा माश्या वारायला लागली.

मातालेना उठली. बसलेल्या माणसांच्या पुढून जाताना आमच्यात कंबरेत वाकून माफी मागत जायचं असतं. ती तशी वाकली, माफी म्हणत म्हणत सगळ्यांच्या पुढून गेली, खाली उतरली, आणि मागं चालायला लागली. सेमिसी अर्धा उठला. "आये, तुजी पाळी न्हाई! नेम हाय!" ती थांबली नाही.

झोपडीत नव्हतं. केळींच्या मागं नव्हतं. मग तिनं संडासाचं दार उघडलं आणि पूर्ण आत गेली, जे जाऊबाईनं केलं नव्हतं. भांड्याच्या मागं, कोपऱ्यात, जुन्या लावालावानं, कमरेला गुंडाळायच्या कापडानं, झाकलेलं निळं पिंप. कापड ओलं होतं, आणि ते पाण्यानं ओलं नव्हतं. झाकण अर्धवट. तेलात बाहेर काढायला विसरलेली पळी, पळीच्या दांड्याशी तरंगणारी एक पाल, आणि तेलावर तो सगळा प्रकार जो संडासात हवेनं, पायानं, माशीनं उडून पडतो. तिनं भिंत धरली. तिला ओकारी आली आणि ती तिथंच ओकली, कारण त्याहून योग्य जागा नव्हती.

तोंड धुऊन ती परत आली तेव्हा पानं अर्धी रिकामी झाली होती. ती खांबाला टेकून नीट मांडी घालून बसली. समितीपुढं घाणेरडं बोलायचं तर आधी सगळ्यांच्या मानाची राखण करावी लागते, नाहीतर बोलणाऱ्यालाच दंड. मातालेनानं रीत मोडली नाही.

"सालोमेबाई, तुमच्या घरान्याचा मान मोठा. समितीचा मान मोठा. पाद्रीबुवांच्या घराचा मान मोठा. जेवत्या तोंडांचा मान तर त्याच्याहून मोठा. आता माज्या तोंडातनं जो शबुद निघंल तो तुमच्या मानापासनं लांब पडू द्या."

"पडू दे," सालोमे म्हणाली. तोंडात गोळा होता.

"आये," सेमिसी म्हणाला. त्याच्या आवाजात धमकी नव्हती. लहानपणी तो चोरी सापडल्यावर असाच बोलायचा. "आये, नगं."

मातालेनानं त्याच्याकडं बघितलं. घाम गळ्यावरून खाली ओघळत होता. ओठ निळसर. ती पुन्हा समितीकडं वळली.

"तुमी खाताय त्ये तेल संडासात हाय. भांड्याच्या मागं. त्यात पाल हाय. बाकी काय काय हाय त्ये मी सांगत न्हाई, जाऊन बघा."

मग सालोमेनं तोंडातलं तिथंच तळहातावर काढलं. जाऊबाई केळीच्या बुंध्याकडं धावली. एकीनं कपातल्या कोकोनं चूळ भरली आणि कुठं टाकावी ते न सुचून गिळली, मग तिला जास्तच झालं. जांभळ्या कपड्यांतल्या आठ-दहा बाया अंगणात चहूकडं वाकून उभ्या, कुणी कुणाची पाठ चोळतंय, डुकरं गोळा झालेली. मागं बसलेली ती म्हातारी तेवढी हलली नव्हती. ती हातातल्या गोळ्याकडं बघत होती. "आता अर्धा तर पोटात गेलाच," ती म्हणाली, आणि उरलेला खाल्ला. मातालेनानं तिच्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी अजून विसरलेले नाही.

सालोमेनं जांभळी बाही तोंडाला लावूनच निकाल दिला. विक्री बंद. पिंप आत्ताच्या आत्ता रिकामं. आणि मातालेनाला आपल्या रक्ताच्या घराची पाहणी केल्याबद्दल दंड, नियम तो नियम. मातालेनानं मान डोलावली.

खड्डा तिनंच खणला. सेमिसी खांबाशी बसून होता. तिनं पिंप कलंडलं, ते काळं भुळभुळ मातीत गेलं, आणि ती नाक न झाकता शेवटपर्यंत उभी राहिली. वर माती लोटली. डुकरांनी उकरू नये म्हणून दगड रचले.

"गावापुढं माजी लाज काढलीस," सेमिसी म्हणाला.

"तुजी न्हाई काढली. संडासातनं तेल काढलं."

"आता खायाचं काय आमी?"

"माज्याकडं जेव."

तो आला नाही. इयानेतानं आपल्या चुलीवर उकडलेलं ठेवलं तर ते न खाता ट्रकवर गेला, आणि हॉटेलाच्या दारात उभा राहिला तर तिथल्या स्वैपाक्यानं हाकललं, कारण धक्क्यावर सगळीकडं ही गोष्ट आमच्याही आधी पोचली होती आणि हॉटेलवाल्यांना नसतं बालंट नको होतं. ट्रकच्या धन्यानं आडून विचारलं की संडासवाला तूच का. शेवटी भूक लागली तेव्हा तो रस्त्याच्या अलीकडं आला. पण घरात आला नाही. मागं स्वैपाकाच्या झोपडीत, आईकडं पाठ करून, नारळाच्या करवंट्यांच्या ढिगावर बसला.

तिनं पानावर हिरवी केळी उकडलेली ठेवली, पानात गुंडाळून भट्टीत शिजवलेला मासा ठेवला, वर कच्च्या नारळाचा खवही नाही, फक्त लिंबू. तेलाचा टिपूस नाही. त्यानं एक घास घेतला आणि तोंड असं केलं की इयानेता रस्त्यापलीकडून हसली.

"कसं लागतंय?" मातालेनानं विचारलं.

"भिजलेल्या पोत्यावानी."

"पोतं खाऊन मेलेला मी अजून कुनी चोळला न्हाई. खा."

त्यानं आणखी एक घास घेतला. पाठ तशीच होती. तिनं पानावर दुसरं केळं सोलून ठेवलं.